कलमाखालची पालवी

१० फेब्रुवारी २००८, रविवार

पहाटे दादानं दार बडवलं. "इंद्र्या, ऊठ. तुही बाग भाजली."

मला वाटलं, कोणीतरी पेटवली. गावात हेवा करणारे कमी नाहीत. तसाच अनवाणी पळालो. आग कुठेच नव्हती. पानं मात्र उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी काळी पडून लोंबत होती आणि ठिबकच्या नळ्यांच्या तोंडाशी बर्फाचा पापुद्रा धरला होता. यवतमाळ जिल्ह्यात बर्फ! गोडी भरत आलेले द्राक्षाचे घड हातात घेतले तर मणी पिचकले.

थंड हवा उतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि खोलगटात साचते, हे मी लावणीच्या आधीच वाचलं होतं. तरी नाल्याकाठच्या याच तुकड्यात वेली लावल्या, कारण विहीर इथे आहे. पन्नास पुस्तकं वाचलेला माणूसही शेवटी विहिरीजवळच जातो.

दादा काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला सहन होत नाही. शिव्या द्याव्यात, मी उत्तर देईन.

१३ फेब्रुवारी

तलाठी आला. पंचनामा करा म्हटलं, तर म्हणे, "सर, सातबाऱ्यावर इथं कापूस आहे."

"समोर मांडव उभा आहे, वेली उभ्या आहेत. डोळे आहेत ना तुम्हाला?"

"डोळे हाये सर. पण रकान्यात कापूस हाये. अन् कापूस तं येचून झाला. मंग नुकसान कायचं?"

तो टिंगल करत नव्हता. त्याला खरंच तसं दिसत होतं. या जिल्ह्यात कागदावर कापसाशिवाय दुसरं काही उगवू शकत नाही. आम्ही मेलो तरी आमच्या सरणावर पऱ्हाटीच उगवली असं लिहितील.

२ मार्च

खोडांची साल सुटू लागली. ओलांडे, म्हणजे तारेवर आडवे पसरलेले हात, वाळून काटक्या झाले आहेत. दुपारी कडुनिंबाखाली माठाशेजारी बसून दादाशी बोलणं झालं. जमीन दोघांच्या नावावर आहे. तो कसतो, मी आर्णीच्या शाळेत इतिहास शिकवतो आणि जिल्हाभर भाषणं देतो. म्हणजे राबणं त्याचं आणि मत माझं. हे तो कधी बोलून दाखवत नाही, पण डोमाजी नावाचा हा माणूस गप्प बसून बरंच बोलतो.

आज बोलला. "उपटून टाकू. जूनमंदी कपाशी लावतो."

"कपाशी? पुन्हा?"

"मंग काय लावू? सफरचंद?"

मी उसळलो. ज्या पिकानं हा जिल्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर नेला, तेच पुन्हा पेरायचं? तीन वर्षं प्रत्येक मंचावरून सांगतो आहे की कापूस हे आमचं प्राक्तन नाही. ही बाग माझ्या त्या वाक्याचा पुरावा आहे. बाग गेली तर उद्या कोणत्या तोंडानं माइकसमोर उभा राहू?

दादानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दिवाळीपर्यंत ठेवतो. येलीवर घड दिसला तं ठेव. नाई दिसला तं ट्रॅक्टर लावतो अन् हरभरा टाकतो. पुढच्या साली कपाशी."

मान्य केलं. एक हंगाम. राजांनाही याहून जास्त मुदत मिळालेली नाही.

१५ एप्रिल

काल बाबासाहेबांची जयंती. चार गावं केली, घसा बसला. आज दुपारी शेतात गेलो आणि जागीच थांबलो.

खोडाच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, कोंब. एका वेलीला नाही, ओळीच्या ओळी! जाड, रसरशीत, सकाळपेक्षा दुपारी मोठे वाटावेत असे. वरचं सगळं मेलं आणि खालून जीव उठला.

मातीत गुडघे टेकून बसलो. पानं निराळी वाटली. आधीचं पान पाच बोटांच्या पंजासारखं असे. हे गोलसर, चकचकीत, आणि कोवळेपणी त्यावर पांढरट लव. असेना. एवढ्या मरणातून आलेलं पान आधीसारखं कसं दिसेल? तुरुंगातून सुटलेला माणूस तरी आधीसारखा दिसतो का?

पुढच्या भाषणाचं पहिलं वाक्य सुचलं.

५ मे

मैत्रेयीचा अकोल्याहून फोन. कृषी पदवीचं शेवटचं वर्ष. मी मोठ्या उत्साहानं बातमी दिली. आनंद राहिला बाजूला, तिचा पहिला प्रश्न, "बाबा, फुटवे कलमाच्या वरून आलेत की खालून?"

"खालून. आणि काय जोर आहे!"

"मग काढून टाका. ते जंगली खुंटाचे आहेत. वर कुठे बारीकसा डोळा फुटला असेल तर तेवढाच वाढवा."

तिचं म्हणणं असं की द्राक्षाची वेल ही दोन झाडांची एक केलेली असते. खाली काटक रानवेलीचं मूळ, तो खुंट. त्याला चीर पाडून वर गोड जातीची काडी जोडतात, ते कलम. हे मला ठाऊक आहे. नाशिककडची माणसं कलमं बांधायला आली त्या दिवशी मी वणीला सभेत होतो, पण वाचलेलं आहे. ती तेव्हा बारावीत होती, त्यांच्या हाताखाली पट्ट्या धरत होती. तेव्हापासून स्वतःला तज्ज्ञ समजते.

"जंगली?" मी म्हणालो. "हा शब्द माझ्या घरात नको. कालपर्यंत हा शब्द कोणासाठी होता ते विसरलीस? मुळं त्याची, माती उपसणं त्याचं, पाणी ओढणं त्याचं. डोक्यावर बसून गोड व्हायचा मान दुसऱ्याचा. थंडी आली तर वरचा पाहुणा एका रात्रीत मेला. खालचा घरधनी टिकला. आता तो डोकं वर काढतो आहे तर मी कात्री घेऊ?"

"बाबा, ते झाड आहे. झाडाला जात नसते."

"झाडाला नसते. कापणाऱ्याला असते."

मग म्हणाली, "तुमच्यापुढे कोणी जिंकत नाही, बाबा. आईला द्या फोन."

साधना फोन घेऊन अंगणात गेली. बराच वेळ बोलत होती. मायलेकींना इतकं बोलायला काय असतं? मी फोन घेतला की मात्र "अभ्यास आहे".

७ मे

निकाल लावला. काही खोडांवर, कलमाच्या वरच्या बाजूला, काडीसारखे किरकोळ कोंब आले होते. रक्त नसलेले, पिवळट. ते सगळे कात्रीनं उडवले. खालच्यांच्या तोंडचा घास यांना कशाला? तीन वर्षं वरच्यांनी खाल्लं, आता पाळी खालच्यांची. हात दुखला पण मन मोकळं झालं.

मोटारीच्या खोलीजवळच्या ओळीपाशी आलो तर साधना आडवी. "आवो, ह्या ओळीले हात लावू नका."

"का?"

"इथं माठ ठेवतो मी. वरचे कोंब वाढले का पत्र्यावर पसरतीन, माठावर सावली राह्यते."

एवढ्या मोठ्या तत्त्वाच्या लढाईत हिला माठ दिसतो. सोडून दिली ती ओळ. एका ओळीनं काय होतं?

११ मे

साधना त्या खोलीपाशी कात्री घेऊन उन्हात काय करत होती कोण जाणे. विचारलं तर म्हणे, "सावली सारखी करून राह्यली."

१९ जून

दिल्लीहून वाहिनीवाले आले. गाडीतून उतरताच विचारलं, "मयताचं घर कोणतं?" मी म्हटलं, "मयताचं घर दाखवत नाही, जिवंत बाग दाखवतो." मांडवाखाली नेलं. खालचे फुटवे तारेला टेकले आहेत. अर्धा तास बोललो, कॅमेरा बंद होता हे शेवटी कळलं. त्यांच्यातला एक नम्रपणे म्हणाला, "सर, द्राक्ष म्हणजे नाशिक. यवतमाळचं नाव घेतलं की प्रेक्षकांना कापूस लागतो."

गेले. बाजूच्या गावात त्यांना हवं ते घर सापडलं असेल. तिथल्या बाईला पुन्हा एकदा पदर डोळ्याला लावायला सांगितलं असेल. माझा हात शिवशिवत होता. त्यांची गाडी दृष्टीआड होईपर्यंत रस्त्यातच उभा राहिलो.

१८ जुलै

आषाढी पौर्णिमा. वर्षावास सुरू. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन, वाचणारा मीच. आज पहिल्याच पानावरून मी आपोआप बागेवर गेलो. दुःख, दुःखाचं मूळ, आणि मुळातून फुटणारा मनुष्य. बायका कान देऊन ऐकत होत्या. मग समोर बसलेल्या रुखमाबाई, वय झालेल्या, दात नसलेल्या, मोठ्यानं म्हणाल्या, "सर, तुमी ग्रंथ वाचून राह्यले का येल?"

सगळा विहार हसला. साधनाही. मी पान उलटलं.

१० ऑगस्ट

पाऊस उघडला म्हणून सकाळी बागेत. कडुनिंबाखाली पाणी प्यायलो, फिरलो. सगळा मांडव हिरवा झाकला आहे, खाली ऊन उतरत नाही. मधोमध उभं राहिलं की देवळाच्या गाभाऱ्यात उभं असल्यासारखं वाटतं. देवळांबद्दलचं माझं मत सर्वांना माहीत आहे, पण दुसरी उपमा सुचली नाही.

शेजारचा रहमत बांधावरून आला. त्याचं आर्णीत मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, इकडे कपाशी. वर बघत राहिला.

"मास्तर, येल नाई राह्यली आता. पैलवान झाली."

"बघ. आणि लोक म्हणत होते मेली."

"पण पैलवानाच्या घरी पाळना कधी हलंन?"

"ऑक्टोबरात छाटणी, मग घड. शास्त्र आहे."

"शास्त्र हाये तं मंग ठीक हाये." जाता जाता मोटारीच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाला, "ते भाबीवाली ओळ काहून अशी लुकडी?"

"ती सावलीची आहे," मी म्हणालो.

रहमतला सगळ्यात खोट काढायची सवय. मोटारी दुरुस्त करून करून मन तसं झालं आहे.

७ सप्टेंबर

काल मुकुटबनला सभा. वणीहून पुढे कोळशाच्या ट्रकांमागून गेलो, पांढरा सदरा काळा झाला. मैदान भरलेलं होतं. मी आज लिहून ठेवतो, कारण असं भाषण माणूस आयुष्यात एकदा करतो.

मी म्हणालो, "बियाण्याची पिशवी तुमची नाही, फवारणीची बाटली तुमची नाही, भाव तुमचा नाही. तुमचं काय आहे? मूळ! माझ्या शेतात थंडीनं वरचं सगळं मारलं. शहाण्यांनी सांगितलं, खालून आलेलं कापा, ते रानटी आहे. मी कापलं नाही! आज माझा मांडव हिरवा आहे. दिवाळीच्या आधीच्या रविवारी माझ्या गावी या. घड दाखवतो. नाही दिसले तर पुन्हा माइकला हात लावणार नाही!"

टाळ्या थांबत नव्हत्या. रामधन नावाचे म्हातारे गृहस्थ खाली आले, माझा हात धरला, म्हणाले, "सर, माह्या बी पोराले आनतो. थो आयकत नाई कोनाचं. घड पाह्यला का आयकंन."

परतताना बसमध्ये झोप आली नाही. अभिमानानं आली नाही असं लिहिणार होतो. पण इथे खोटं कशाला? ते शेवटचं वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो.

४ ऑक्टोबर

छाटणी झाली. शाळेची पोरं नको, बाहेरची माणसं नको म्हटलं, वस्तीतलीच लावली, आणि आजच उरकलं, कारण परवापासून सगळे नागपूरला दीक्षाभूमीला निघतील. दादा दिवसभर कात्री चालवत होता. एकदा फक्त म्हणाला, "डोळे चपटे दिसून राह्यले बे हे. तवाचे फुगीर राह्यत."

साधनानं तिच्या ओळीची छाटणी स्वतः केली, आणि छाटलेल्या काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून न्हाणीत ठेवल्या. विचारलं. म्हणे, "चुलीले."

ओली काडी चुलीला! पुन्हा त्यावर रोज पाणी शिंपडते. बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या घरात ही तऱ्हा.

१० ऑक्टोबर

नागपूरहून आलो. एवढा माणूस, आणि कुठे धक्काबुक्की नाही. तिथे गेलं की राग विझतो, दोन दिवस तरी. परत येताना एसटीत शेजारचा माणूस बियाण्याच्या कंपनीची टोपी घालून बसला होता. विझलेला पेटला.

१८ ऑक्टोबर

पालवी फुटली. पानं, पानं, पानं आणि तारेला विळखा घालणारे तणावे. घड नाही.

२२ ऑक्टोबर

घड नाही. ओळ ओळ फिरलो, पान उचलून उचलून पाहिलं. घड जिथे बसायचा तिथे तणावा, स्प्रिंगसारखा, जणू वेडावून दाखवतो आहे.

आर्णीला जाऊन औषधवाल्याच्या दुकानात उभा राहून ओरडलो. भेसळीचं औषध विकता! त्यानं शांतपणे विचारलं, "सर, तुमी कोनतं नेलतं?" मी त्याच्याकडून काही नेलंच नव्हतं. दुसऱ्या दुकानातून नेलं होतं. तरी मी ओरडायचा थांबलो नाही. गर्दी जमली होती आणि गर्दीसमोर मला मध्येच थांबता येत नाही.

रविवारी मुकुटबनची माणसं येणार. दादानं ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलं आहे, कळलं.

२४ ऑक्टोबर

घड!

मोटार चालू करायला गेलो तर खोलीच्या पत्र्यावर, साधनाच्या लुकड्या ओळीत, हिरवे मोहरीएवढे मणी असलेले घड. एका वेलीला नव्हे, त्या सगळ्या ओळीला!

आता कळलं. पत्र्याची ऊब मिळाली म्हणून इथे आधी आले. बाकी मांडव सावलीत आहे, तिकडे आठवडाभरात येतील. रविवारपर्यंत आले नाहीत तर लोकांना हेच दाखवीन आणि कारण समजावीन. दादाला लगेच सांगितलं. तो जाऊन पाहून आला आणि साधनाकडे बघत राहिला. ती भाकऱ्या थापत होती.

२५ ऑक्टोबर

मैत्रेयी सुटीसाठी आली. मे महिन्यानंतर आमचं धड बोलणं नाही. पाया पडली, चहा प्यायली, आईबरोबर शेतात जाऊन आली. मी वाट पाहत होतो की काही बोलेल. काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. ज्याला बोलायचं आहे त्यानं बोलावं, मी काय अडवतो का?

२६ ऑक्टोबर, रविवार

क्रमानं लिहितो.

दोन जीपा भरून माणसं आली. रामधन पुढे, मागे त्यांचा मुलगा, कमरेवर हात ठेवलेला. मांडवात नेलं. मी बोलायला सुरुवात केली. बियाण्याची पिशवी, फवारणीची बाटली. रामधननी हात जोडले. "सर, भाषन तं आमी आयकलं. घड दाखवा न."

मी त्यांना मोटारीच्या खोलीकडे नेलं. घड पाहून सगळे खूश. रामधनचा मुलगा मात्र एक पान तोडून मांडवात गेला, तिथलं एक तोडून आणलं, दोन्ही शेजारी धरली. एक पाच बोटांचं, एक गोल.

"सर, हे दोन येगळे झाडं हाये का?"

मी म्हणालो, "हे बघा, ऊन..." आणि पुढे शब्द नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा माणसांसमोर उभा आहे आणि पुढे शब्द नाही. एवढे महिने मी ती दोन पानं शेजारी धरली नव्हती. मी काय, कोणीही धरली नसती! मला कोणी सांगितलं नाही, असं लिहिणार होतो. सांगितलं होतं.

मागून मैत्रेयीचा आवाज आला. "हो, वेगळी आहेत. ते खालच्या खुंटाचं पान आहे. त्याला घड येणार नाही, आला तरी बारके आंबट मणी. पण मूळ एकदम पक्कं आहे. एवढ्या थंडीतही मेलं नाही. आता त्यावर पुन्हा कलम बांधायचं."

तिनं "जंगली" म्हटलं नाही. मी वाट पाहत होतो, म्हणजे मला तिच्यावर तुटून पडता आलं असतं.

"आता जमंन का?" रामधननी विचारलं.

"उशीर झालाय. थंडी उतरायच्या आत बांधलं तर जमेल. फुटव्यांना जोर चांगला आहे. बाबांनी ते वाढवले म्हणून एवढ्या जाडीचे मिळाले."

म्हणजे माझ्यावर उपकार! लोकांसमोर मला सावरून घेते. दोन्ही कान तापले. मी ओरडून म्हणालो, "मी मुकुटबनला सांगितलं होतं, घड दिसले नाहीत तर माइकला हात लावणार नाही. तर आता ऐका..."

दादा मध्येच बोलला. एवढ्या माणसांसमोर तो कधी बोलत नाही. "इंद्र्या, थांब. ट्रॅक्टर म्या सांगतलाच होता. घड दिसला, म्हून त्याले नाई म्हनून देतो. पोरगी कलम बांधते तं बांधू दे. पन माही एक अट हाये. कलमं फुटेपर्यंत मांडवात तुनं बोलाचं नाई. एक शब्द नाई."

रहमत बांधावरून ओरडला, "मास्तर, हे तं टॅक्टरपरीस मोठं नुकसान झालं!"

सगळे हसले. रामधनचा मुलगाही हसला, आणि जाताना मैत्रेयीला कलमाबद्दल काही विचारत होता. मला नाही, तिला.

२९ ऑक्टोबर

सकाळपासून कलमं. साधनानं न्हाणीतलं ओलं पोतं आणलं, त्यातल्या काड्या अजून हिरव्या होत्या. चुलीसाठी ठेवलेल्या काड्या नेमक्या उपयोगी पडल्या. नशीब मी मानत नाही. योगायोग मानावा लागतो.

मैत्रेयीनं माझ्या हातात कात्री दिली. "बाबा, फुटवा तुम्ही कापा. इथं, सरळ."

मी उभा राहिलो. मनगटाएवढा नाही पण अंगठ्याएवढा जाड झाला होता. पंधरा एप्रिलला मी याच्यासमोर गुडघे टेकले होते. यावर मी किती सभा जिंकल्या. बोलायचं होतं, पण अट. दादा बांधावर बसून पाहत होता, जणू मी परीक्षेत कॉपी करणारा पोरगा आहे. कापला. पाणी आलं, टपटप, थांबेना.

"खूप पाणी येतं," ती म्हणाली, "म्हणजे मूळ जोरात आहे. वाया नाही जात." मग तिनं कापलेल्या तोंडाला चीर पाडली, काडीला पाचरीसारखं टोक केलं, आत बसवलं. "बोट ठेवा इथं. दाबून." मी बोट ठेवलं. तिनं पट्टी गुंडाळली, माझ्या बोटासकट. ओढली.

"अगं!"

"बोलू नका," ती म्हणाली, आणि हसली. मला हसू आलं नाही. म्हणजे नंतर, दुसऱ्या ओळीला, थोडं आलं.

दिवसभर असंच. ती चीर पाडते, मी बोट ठेवतो. एकही वाक्य न बोलता एवढं काम मी यापूर्वी कधी केलेलं नाही. संध्याकाळी डोकं दुखत होतं, साचलेल्या वाक्यांनी.

१० नोव्हेंबर

थंडी उतरते आहे. पहाटे उठून नाल्याकडे जातो, खोलगटात हवा हाताला लागते. ओरडून ती मागे हटली असती तर ओरडलो असतो. दादा दोन दिवस उसाचं पाचट गोळा करून आणतो आहे, कडेनं ठेवून पहाटे धूर करायचा म्हणे. हे गेल्या वर्षी का केलं नाही विचारलं, तर म्हणाला, "तू तवा धूर करून राह्यलता न मंचावर."

मैत्रेयी अकोल्याला गेली. जाताना म्हणाली, "रोज फोन करते." म्हटलं, "आईला कर." म्हणाली, "तुम्हाला करते."

२० नोव्हेंबर

फुटलं.

पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या कलमाची पट्टी जिथे सुटली होती तिथून पान. एवढंसं. बोटं वेगळी ओळखू येतात. पाच. पुढे गेलो, आणखी एक. आणखी. सगळी नाहीत, काही काड्या काळ्या पडल्या आहेत, त्या पुढच्या वर्षी बघू. पण फुटलं.

आता अट सुटली. मांडवात उभा राहिलो. काय बोलू, असा विचार करत थोडा वेळ गेला. समोर कोणी नव्हतं. फक्त तारा आणि ती पाच बोटं. बोललो नाही.

तहान लागली म्हणून मोटारीच्या खोलीकडे गेलो, साधनाच्या सावलीच्या ओळीकडे. तिथे माठ नव्हता. जमिनीवर माठाच्या बुडाची खूणही नव्हती, ओलही नव्हती. कडुनिंबाखाली गेलो, माठ तिथेच, नेहमीच्या दगडांवर, बुडाशी शेवाळ चढलेलं. साधना ओंजळीनं पाणी पीत होती.

"माठ इथं कधी आणला?"

"थो तिथंच होता," ती म्हणाली.

"आणि तू मे महिन्यात म्हणाली होतीस..."

"काय म्हनली होती?"

माझ्या हातात पेला दिला आणि गेली. मी पाणी पीत उभा राहिलो. काहीतरी आठवत होतं, नीट जुळत नव्हतं. तो मे महिन्यातला फोन, ती कात्री, ते पोतं.

या घरात मला कोणी काही सांगत नाही.